डांबरी रस्त्याचा थकवा कसा मोजावा? बडोद्यातील एका रस्त्याच्या निमित्ताने

मांडवीकर
सप्रेम नमस्कार. बडोद्यातल्या एका कारखान्यातून निवृत्त झालेला मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे. फिरत्या शाफ्टवर वारंवार ताण पडून एके दिवशी त्याला तडा कसा जातो, म्हणजे धातू कसा थकतो, हे मी तीस वर्षे पाहिले. रस्ता हा मात्र माझा विषय नव्हे, म्हणून येथील जाणकारांना विचारत आहे.

गोत्रीच्या पलीकडे आमच्या सोसायटीसमोरून जाणारा रस्ता तीन वर्षांपूर्वी नव्याने केला. खाली खडीचे थर, त्यांवर ५० मिमी डीबीएम (डेन्स बिटुमिनस मॅकॅडम, जाड खडीचा डांबरी थर) आणि सर्वांत वर ३० मिमी बीसी (बिटुमिनस काँक्रीट, बारीक खडीचा डांबरी थर). दुसऱ्या पावसाळ्यानंतर डाव्या चाकाच्या पट्ट्यात बारीक उभ्या भेगा दिसू लागल्या आणि आज त्या एकमेकींना मिळून मगरीच्या पाठीसारखी जाळी झाली आहे. मगरींच्या विश्वामित्री नदीकाठच्या गावात राहणाऱ्यांना मगरीची पाठ वेगळी समजावून सांगावी लागत नाही. माहितीच्या अधिकारात मिळालेल्या अहवालात बीसीची मार्शल स्टॅबिलिटी १३.२ किलोन्यूटन, फ्लो ३.१ मिमी आणि डांबराचे प्रमाण ५.४ टक्के लिहिले आहे. किमान ९ किलोन्यूटन हवे असताना १३ मिळाले, तरी रस्ता तीन वर्षांत का फाटला? अहवालात थकव्याचा उल्लेखही नाही. डांबराचा थकवा मोजता येतो का, आणि येत असेल तर तो मोजला का जात नाही?

खडीकाका
मांडवीकर, आपण योग्य जागी बोट ठेवले आहे. मी पस्तीस वर्षे साइटवर काढली आणि मार्शलचे मोल्ड किती ठोकले असतील याचा हिशेब नाही. ही चाचणी अमेरिकेतील मिसिसिपी राज्याच्या महामार्ग विभागातले ब्रूस मार्शल यांनी १९३० च्या दशकाच्या अखेरीस बसवली. १०१.६ मिमी व्यासाची वडी दोन्ही बाजूंनी ७५-७५ ठोके देऊन तयार करायची, ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात अर्धा तास ठेवायची, आणि मग दोन अर्धगोल जबड्यांत धरून मिनिटाला ५०.८ मिमी वेगाने दाबायची. जास्तीत जास्त जेवढा भार ती घेते, ती स्टॅबिलिटी; तोवर ती जेवढी दबते, तो फ्लो.

म्हणजे ही मे महिन्यातल्या तापलेल्या रस्त्याची परीक्षा झाली, आणि तीही एकाच दाबात संपणारी. रस्त्याची भेग मात्र लाखो छोट्या वाकण्यांतून तयार होते. कडक डांबर वापरा, डांबर थोडे कमी घाला, स्टॅबिलिटी वाढते. भेग मात्र लवकर येते. १३.२ हा आकडा पाहून आपल्याला दिलासा वाटला असेल, पण मला तो पाहून उलट शंका आली.

रावपुऱ्याची
थकवा मोजता येतो, मांडवीकर काका. एम.टेक.च्या प्रबंधासाठी मी तेच काम केले असल्याने थोडे सविस्तर लिहिते.

मिश्रणाची लादी तयार करून तिच्यातून ३८० मिमी लांब, ६३ मिमी रुंद आणि ५० मिमी जाड अशा पट्ट्या करवतीने कापतात. पट्टी चार ठिकाणी धरून मधल्या भागात सेकंदाला दहा वेळा खालीवर वाकवतात, तापमान साधारण २० अंश ठेवतात. याला फोर पॉइंट बेंडिंग म्हणतात. आपल्या शाफ्टच्या चाचणीशी हिचे नाते जवळचे आहे, पण एक मोठा फरक आहे: डांबराची पट्टी बहुधा तुटत नाही. ती सैल होत जाते. पन्नासाव्या आवर्तनाला जो ताठरपणा असतो तो निम्म्यावर आला की नमुना थकला असे परंपरेने मानले जाते. पडद्यावर ती रेघ आधी भराभर उतरते, मग तासन्तास जवळजवळ सपाट चालते आणि शेवटी पुन्हा झुकते. त्या सपाट भागात काहीच घडत नाही असे वाटते, परंतु आत सूक्ष्म भेगा जुळत असतात.

अडचणही सांगते. सेकंदाला दहा आवर्तने म्हणजे तासाला ३६,०००. तीन लाख आवर्तनांना आठ तासांहून अधिक वेळ लागतो. माझ्या एकाच लादीतून कापलेल्या दोन पट्ट्यांपैकी एक १ लाख ८० हजारांवर थकली आणि दुसरी ४ लाख १० हजारांपर्यंत गेली. थकव्याच्या चाचणीत एवढा फरक नवलाचा नाही, म्हणून एका मिश्रणासाठी अनेक पट्ट्या आणि अनेक दिवस द्यावे लागतात. दररोज शेकडो टन माल टाकणाऱ्या प्लांटला हे कसे परवडेल?

वाहतूकदार
मी डंपर चालवणाऱ्यांचा प्रतिनिधी म्हणून नव्हे, तर या धंद्यातला माणूस म्हणून लिहितो. अशा प्रत्येक चर्चेत शेवटी बोट आमच्याकडे वळते, म्हणून आधीच विचारतो: कायद्याने ठरवलेल्या वजनात चालणाऱ्या गाडीमुळे रस्ता फाटत असेल, तर तो दोष गाडीचा की रस्त्याच्या आराखड्याचा?

खडीकाका
वाहतूकदार दादा, आपला प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर आकड्यांतच देतो. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम रस्ते बांधून त्यांवर ट्रक फिरवले गेले आणि त्यातून चौथ्या घाताचा नियम पुढे आला: रस्त्याची हानी अक्षावरील (ॲक्सलवरील) भाराच्या चौथ्या घाताने वाढते. आराखड्यात प्रमाण अक्ष ८० किलोन्यूटनचा, म्हणजे सुमारे ८.१६ टनांचा धरतात. चार टायरांच्या एका अक्षावर आपल्याकडे पूर्वी १०.२ टन चालत असत. २०१८ साली ही मर्यादा ११.५ टन झाली. ११.५ भागिले ८.१६ आणि त्याचा चौथा घात केला की जवळजवळ ३.९ येतात. म्हणजे पूर्णपणे कायदेशीर असा एक अक्ष रस्त्याला चार प्रमाण अक्षांइतका दमवतो, आणि जुन्या मर्यादेच्या तुलनेत सव्वा टनाच्या वाढीने हानी सुमारे ६० टक्के वाढली. गाडी दोषी नाही. पण सोसायटीचा रस्ता मोटारींसाठी आखला आणि त्यावरून शेजारच्या बांधकामाचे रेतीचे डंपर वर्षभर गेले, तर हिशेब कोलमडतो. मांडवीकर, आपल्याकडे तसे झाले का?

मांडवीकर
झाले. मागच्या बाजूस दोन मोठ्या इमारती उभ्या राहिल्या आणि दीड वर्ष रेती, खडी व काँक्रीटच्या गाड्या याच रस्त्याने गेल्या. भरलेल्या गाड्या आत जाताना ज्या बाजूने जात, त्याच बाजूला जाळी आहे. रिकाम्या परतत त्या बाजूला तुरळक भेगा आहेत.

कोयलीवाला
कोयलीच्या रिफायनरीच्या आसऱ्याने हे शहर वाढले, आणि माझी उमेदीची वर्षे डांबराच्या नमुन्यांतच गेली, म्हणून बाइंडरच्या, म्हणजे खडी बांधणाऱ्या डांबराच्या बाजूने लिहितो.

भारतीय मानक आयएस ७३ मध्ये २००६ साली पेनिट्रेशन ग्रेड (सुई किती रुतते यावरची प्रत) मागे पडून व्हिस्कॉसिटी ग्रेड (दाटपणावरची प्रत, म्हणजेच व्हीजी) आले. व्हीजी-३० म्हणजे ६० अंशांवर किमान २४०० पॉइज. या मानकात सुई किती रुतते, डांबर कोणत्या तापमानाला मऊ होते, तार किती ताणली जाते, हे सर्व आहे. वारंवार ताण देऊन डांबर किती टिकते, हे नाही.

ते मोजण्याचे साधन म्हणजे डायनॅमिक शिअर ऱ्हिओमीटर, अर्थात डीएसआर. दोन लहान चकत्यांमध्ये डांबराचा थेंबभर थर ठेवून वरची चकती डावीउजवीकडे फिरवतात. त्याआधी डांबर मुद्दाम म्हातारे करावे लागते: १६३ अंशांवर ८५ मिनिटे फिरत्या बाटल्यांत, हे प्लांटमधल्या मिसळण्याचे आणि अंथरण्याचे वय, नंतर दाबाच्या भांड्यात २.१ मेगापास्कलवर २० तास, हे रस्त्यावरच्या कित्येक वर्षांचे वय. असे डांबर पाहिले की त्यातला चिवटपणा कुठे गेला हे कळते. अमेरिकेच्या १९८७ नंतरच्या महामार्ग संशोधन कार्यक्रमाने थकव्यासाठी जी-स्टार गुणिले साइन डेल्टा ही डांबराच्या ताठरपणावरून काढलेली राशी ५००० किलोपास्कलच्या आत असावी असे ठरवले. पुढे अभ्यासकांना रस्त्यावरच्या भेगांशी तिचा मेळ पुरेसा बसेना, कारण ती अगदी लहान ताणाखाली मोजतात. म्हणून लिनिअर अ‍ॅम्प्लिट्यूड स्वीप ही चाचणी आली. तीत ताण ०.१ टक्क्यापासून ३० टक्क्यांपर्यंत वाढवत नेतात आणि डांबर कोणत्या टप्प्यावर खचते ते पाहतात. प्रत्यक्ष चाचणी अर्ध्या तासाच्या आत आटोपते.

माझा अनुभव असा की रिफायनरीतून निघालेले डांबर बहुतेक वेळा ठीक असते. व्हीजी-३० साठी मिश्रण १५० ते १६५ अंशांत ठेवायचे असते. पावसाच्या भीतीने किंवा लांबच्या वाहतुकीसाठी कोणी ते १८५ पर्यंत तापवले, तर रस्ता जन्मतःच पाचसहा वर्षांचा होतो.

सयाजीगंज
मग सरळ पॉलिमरचे डांबर किंवा व्हीजी-४० का वापरत नाहीत?

रावपुऱ्याची
दोन्ही एकच नव्हेत. व्हीजी-४० हे अधिक कडक डांबर आहे, तर पॉलिमर घातल्याने डांबर ताणले जाऊन पुन्हा मूळ जागी येण्याची क्षमता वाढते. आणि कडक चांगले की मऊ, हे थराच्या जाडीवर ठरते. थर जाड असेल तर ताठर मिश्रण भार स्वतः पेलते, खालच्या पृष्ठावरचा ताण कमी होतो आणि आयुष्य वाढते. थर पातळ असेल तर वाकण्याचे प्रमाण खालची खडी आणि माती ठरवते. वरच्या पातळ थराला तेवढे वाकावेच लागते, आणि तिथे मऊ, लवचीक मिश्रण जास्त टिकते. प्रयोगशाळेत भार कायम ठेवून चाचणी करायची की वाकणे कायम ठेवून, हा वाद याच फरकातून आला आहे. मांडवीकर काकांच्या रस्त्याचे दोन्ही थर मिळून ८० मिमी, आणि खाली काळी माती असेल तर पावसाळ्यात ती मऊ पडणार. तिथे व्हीजी-४० ने भेगा लवकर आल्या असत्या असे माझे मत आहे.

खडीकाका
या मताशी मी पूर्णपणे सहमत नाही. बडोद्याच्या उन्हात, सिग्नलपाशी थांबणाऱ्या बसखाली मऊ मिश्रण दबते आणि चाकांची चाकोरी पडते. चाकोरीत पाणी साचते, आणि साचलेले पाणी पुढे भेगांतून आत जाते. एका दोषापासून पळताना दुसऱ्याच्या दारात उभे राहू नये.

आराखडेकार
दोघांच्या म्हणण्यात तथ्य आहे. परंतु सर्वांत स्वस्त उपाय कोणी अजून मांडला नाही, म्हणून लिहितो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी:३७-२०१८ या आराखड्याच्या मार्गदर्शिकेत थकव्याचे समीकरण दिलेले आहे. त्यात डांबरी थराच्या तळाशी येणारा आडवा ताण ३.८९ या घाताने येतो, म्हणजे हा ताण दुप्पट झाला तर आयुष्य सुमारे पंधराव्या हिश्श्यावर येते. वीस टक्के पृष्ठभाग भेगाळला की रस्त्याचे थकव्याचे आयुष्य संपले असे हे समीकरण धरते.

याच समीकरणात ‘सी’ नावाचा एक गुणक आहे आणि तो केवळ दोन गोष्टींवर ठरतो: थरात हवेच्या पोकळ्या किती, आणि खडीत न शोषलेले, खऱ्या अर्थाने कामाचे डांबर घनफळाने किती. तळाच्या डीबीएममध्ये पोकळ्या ३.५ टक्के आणि डांबर ११.५ टक्के असेल तर हा गुणक २.३५ येतो. तेच मिश्रण, तेच डांबर, पण रोलर नीट न फिरल्यामुळे पोकळ्या ७ टक्के राहिल्या तर तो ०.४२ वर येतो. साडेपाच पट फरक! शिवाय सैल थराचा ताठरपणाही कमी, म्हणून तळाचा ताण वाढतो, तो भाग वेगळाच. पॉलिमरवर पैसा खर्च करण्याआधी मिश्रण ९० अंशांखाली जाण्याच्या आत रोलिंग पूर्ण झाले की नाही हे पाहिले, तरी रस्त्याचे आयुष्य कितीतरी वाढेल. रात्रीच्या कामात मिश्रण अंथरणाऱ्या पेव्हरमागे रोलर दोनशे मीटर मागे रेंगाळताना मी अनेकदा पाहिला आहे, आणि दर वेळी जीव तुटतो.

मांडवीकर, रस्त्यातून कोअर, म्हणजे सर्व थरांतून कापलेला गोल नमुना, काढला आहे का? आणि काढला असेल तर तो अखंड निघाला का?

मांडवीकर
आपण विचारलेत म्हणून आज मुद्दाम तो पुन्हा टेबलावर ठेवून पाहिला. सोसायटीने खर्च करून १०० मिमी व्यासाचे दोन कोअर काढून घेतले होते, एक जाळीतून आणि एक रस्त्याच्या मधोमध.

जाळीतला कोअर यंत्रातून निघतानाच दोन तुकड्यांत निघाला. मला वाटले काढणाऱ्याच्या हातून तुटला. परंतु तो तुटलेला दिसत नाही. बीसी आणि डीबीएम ज्या पातळीवर भेटतात तिथेच ते सुटले आहेत. डीबीएमचा वरचा पृष्ठभाग काळा चमकदार नसून राखाडी आहे, बोट फिरवले की बारीक धूळ लागते. बीसीच्या खालच्या पृष्ठावर एक केसाएवढी भेग आहे, ती वर येत येत साधारण २० मिमीपर्यंत पोचली आहे. डीबीएमच्या तुकड्यात तळापासून आरपार भेग आहे आणि तिच्यात माती शिरली आहे. मधला कोअर मात्र अखंड आहे.

खडीकाका
टॅक कोट!

दोन थरांमध्ये डांबराच्या इमल्शनचा पातळ फवारा मारायचा असतो, चौरस मीटरला २०० ते ३०० ग्रॅम. आधी झाडून, हवेच्या झोताने धूळ काढायची. फवारा पडतो तेव्हा तपकिरी असतो. त्यातले पाणी सुटून तो काळा होईपर्यंत थांबायचे आणि मगच वरचा थर अंथरायचा. डीबीएम टाकून महिनाभर वाहतूक चालू ठेवली असेल आणि न झाडता वर बीसी टाकला असेल, तर आपण वर्णन केलेली राखाडी धूळ तिथेच राहते.

आराखडेकार
काकांचे निदान मला पटते, आणि त्याचा परिणाम आपण मेकॅनिकल इंजिनिअर असल्यामुळे लगेच ध्यानात येईल. वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनावर ठरतो. ८० मिमीचा एकसंध थर म्हणजे ५,१२,०००. सुटे ५० आणि ३० म्हणजे १,२५,००० अधिक २७,०००, एकूण १,५२,०००. माल तोच, जाडी तीच, पण विरोध एक तृतीयांशाहून कमी. शिवाय आता ताणाची जागा एक नसून दोन झाल्या: डीबीएमचा तळ आणि बीसीचाही तळ. आपल्या कोअरमध्ये दोन्ही भेगा खालून वर आलेल्या आहेत, ते याच्याशी जुळते. डांबर उन्हाने कडक झाले असते तर भेग वरून खाली उतरली असती.

रावपुऱ्याची
ही गोष्ट मी माझ्यासाठी लिहून ठेवत आहे. माझ्या पट्टीची चाचणी कितीही काटेकोर असली तरी तिच्यात एकच थर असतो. दोन थर सुटले आहेत हे ती कधीच सांगणार नाही. कोअरचा जोड आडवा कापून पाहण्याची स्वतंत्र चाचणी आहे, मिनिटाला ५० मिमी वेगाने जोड सरकवून किती बळ लागते ते मोजतात. ती आपल्याकडे निविदांत मला कधी दिसली नाही.

सयाजीगंज
थोडे अवांतर होईल, पण प्लास्टिकच्या रस्त्यांबद्दल बरेच ऐकतो. त्याने हा थकवा कमी होतो का?

कोयलीवाला
मदुराईचे प्राध्यापक राजगोपालन वासुदेवन यांची पद्धत अशी की तापलेल्या खडीवर प्लास्टिकचे तुकडे टाकून तिच्यावर पातळ लेप चढवायचा आणि मग डांबर मिसळायचे. त्यामुळे खडी पाणी कमी शोषते आणि पावसात डांबर सुटण्याचे प्रमाण घटते, स्टॅबिलिटीही वाढते. पण स्टॅबिलिटी वाढली म्हणजे थकवा कमी झाला असे म्हणता येत नाही, हे वर खडीकाकांनी सांगितलेच आहे. त्या मिश्रणालाही भेगेची परीक्षा द्यावी लागेल.

रावपुऱ्याची
मांडवीकर काकांच्या मूळ प्रश्नाचा दुसरा भाग राहिला आहे: थकवा मोजत का नाहीत. आठ तासांची चाचणी प्लांटवर शक्य नाही हे खरे. म्हणून गेल्या काही वर्षांत झटपट चाचण्या पुढे आल्या. इलिनॉयमध्ये अर्धचंद्राकृती नमुन्याला खाच पाडून तो वाकवतात. टेक्सासमधून आलेली आयडियल-सीटी त्याहून सोपी आहे: १५० मिमी व्यासाची, ६२ मिमी उंचीची वडी २५ अंशांवर आडवी धरून मिनिटाला ५० मिमी वेगाने दाबायची. खाच नाही, कापणे नाही, काही मिनिटांत काम होते.

आता हा वेग पुन्हा पाहा. मार्शलचे यंत्र जवळजवळ याच वेगाने दाबते. फरक एवढाच की मार्शलमध्ये आपण भार शिखरावर पोचला की आकडा लिहून यंत्र थांबवतो, आणि आयडियल-सीटीमध्ये शिखरानंतरचा उतार वाचतो. ठिसूळ मिश्रणाचा आलेख शिखरावरून कड्यासारखा कोसळतो. चिवट मिश्रणाचा हळूहळू उतरतो. १३.२ किलोन्यूटनच्या पुढे आपल्या बीसीचा आलेख कसा उतरला असता, हे कोणी पाहिलेच नाही. भार आणि सरकणे यांची नोंद ठेवणारे सेन्सर आणि योग्य जबडे बसवले, तर ज्या प्रयोगशाळांत मार्शलचे यंत्र आहे त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी ही चाचणी होऊ शकते. चाकोरीसाठी हॅम्बुर्ग व्हील ट्रॅकिंग (नमुन्यावर चाक फिरवण्याची चाचणी) आणि भेगेसाठी ही, अशा दोन्ही परीक्षा मिश्रणाने एकत्र पास व्हाव्यात, या विचाराला बॅलन्स्ड मिक्स डिझाइन म्हणतात. खडीकाकांची चाकोरीबद्दलची काळजी आणि माझी भेगेबद्दलची, दोन्हींचे समाधान त्यात आहे.

खडीकाका
मुली, हे मला पटले. एकच सावधगिरी सांगतो. पास-नापासाचा आकडा परदेशातून जसाच्या तसा उचलू नका. आपली काळी बेसाल्टची खडी, आपले डांबर, आपले ऊन. आधी दोन-तीन वर्षे नुसती नोंद करावी आणि तेच रस्ते कसे टिकतात ते पाहावे. मग आकडा ठरवावा.

मांडवीकर
सर्वांचे मनापासून आभार. काल डीबीएमच्या तुकड्याचे हवेतले आणि पाण्यातले वजन करून घेतले. चाकाखालच्या तुकड्यात पोकळ्या ७.८ टक्के निघाल्या, मधल्या अखंड कोअरमध्ये ५.१. म्हणजे रोलिंगही कमी पडले आणि जोडही सुटला, आणि त्यावर दीड वर्ष भरलेले डंपर गेले.

पुढच्या महिन्यात या रस्त्याच्या दुरुस्तीची निविदा निघणार आहे. मी अर्जात तीन मागण्या लिहिल्या आहेत: दर थरानंतर नागरिकांसमोर कोअर काढून पोकळ्या नोंदवाव्यात, टॅक कोट काळा झाल्याचे छायाचित्र वरचा थर टाकण्याआधी काढावे, आणि मार्शलच्या वड्यांबरोबर आयडियल-सीटीच्या तीन वड्या करून त्यांचा पूर्ण आलेख जोडावा, तूर्त केवळ नोंदीसाठी. अर्जाचा मसुदा आज रात्री येथे टाकतो. खडीकाका आणि रावपुऱ्याची ताई, आपण दोघांनी तो एकदा वाचून भाषेतल्या आणि आकड्यांतल्या चुका दाखवाव्यात ही विनंती. सोमवारी सकाळी तो दाखल करायचा आहे.

रावपुऱ्याची
अवश्य, काका. वड्या तीनऐवजी पाच लिहा. विखुरणे किती आहे ते तीनमध्ये कळत नाही.